गोधडीची इर्जिक

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याहून बोलतोय. खर्डा म्हटलं की लोकांना १७९५ सालची मराठे आणि निजामाची लढाई आठवते, किल्ला आठवतो. आज आम्ही किल्ल्याचं काही सांगणार नाही. आमच्या चार बचत गटांतल्या सतरा जणींनी यंदा चैत्रात तीन दिवस घर सोडून एका जागी राहून गोधड्या शिवल्या. ते कसं जमवलं, कशात पैसे गेले, कुठं भांडलो आणि तुम्हाला करायचं असेल तर काय काय लागतं, ते सगळं सांगतो.

आधी हे सांगायला हवं, की हे प्रशिक्षण नव्हतं. कुणी साहेब आले नाहीत, हजेरीवर सह्या घेतल्या नाहीत, प्रमाणपत्र मिळालं नाही. मासिक बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "त्याचा फायदा काय?" कर्ज असेल तर घरून सोडतात. शिलाई मशीनचं शिबिर असेल तरी सोडतात. पण नुसतं चार बायांनी मिळून बसायचं, गोधडी शिवायची, गप्पा मारायच्या आणि तिथंच झोपायचं, असं घरी सांगायचं कसं?

बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला. माहेर, बाळंतपण, दवाखाना, मयत आणि वारी सोडून घराबाहेर रात्र कोण कोण राहिलंय? सतरांपैकी चौघींनी हात वर केले. त्यातल्या तिघी ऊसतोडीला जाणाऱ्या होत्या, म्हणजे कामावरच्या कोपीतल्या रात्री. चौथी एकदा गटाचा माल घेऊन प्रदर्शनाला गेली होती. स्वतःच्या आवडीसाठी बाहेर राहिलेली एकही नव्हती. त्यानंतर फायद्याचा प्रश्न परत कुणी काढला नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही

शहरात आणि परदेशात याला 'रिट्रीट' म्हणतात. गोधडी शिवणाऱ्या बाया तीन-चार दिवस एखाद्या ठिकाणी जाऊन राहतात, दिवसभर शिवतात, एकमेकींचं काम बघतात आणि परत येतात. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शेतात आपण सावड करतो: आज तुझ्या रानात खुरपायला आम्ही, उद्या आमच्या रानात तू. नांगरटीला इर्जिक घालायचे. गावातल्या बैलजोड्या एकाच्या रानात जमायच्या, दिवसात रान उलथून व्हायचं आणि ज्याचं रान तो सगळ्यांना जेवू घालायचा. त्याच रीतीनं पूर्वी उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर गोधडी पसरली की आळीतल्या चार जणी आपापली सुई घेऊन यायच्या. बोलवावं लागायचं नाही. पुढं घरं बंद दाराची झाली, टीव्ही आला, बाजारात ब्लँकेट स्वस्त झालं आणि ओट्यावरची ती बैठक मोडली. आम्ही फक्त ती परत मांडली.

आपल्या जामखेड तालुक्याला बायांनी एकत्र राहून शिकायची सवयही जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बाया आरोग्यसेविका म्हणून तिथं शिकायला येऊ लागल्या. वेगवेगळ्या जातींच्या, बहुतेक निरक्षर, काही घरातून टाकलेल्या. त्या एकत्र शिकल्या, एकत्र जेवल्या, एका छताखाली झोपल्या. गावात परत गेल्यावर त्यांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, लोकांची भीती घालवली. त्यांच्या नाती आज आमच्या गटांत आहेत.

आणि गोधडीला आपल्याकडे मानही आहे. शेजारच्या कर्जतचं ग्रामदैवत संत गोदड महाराज. आषाढात कामिका एकादशीला त्यांची यात्रा भरते. गाडगेबाबांनाही लोक त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या पांघरुणामुळं गोधडेबुवा म्हणायचे. ज्या वस्तूला आपण 'जुनं-पानं' म्हणतो, ती संतांच्या नावात जाऊन बसली आहे.

तीस हजार टाके

शिबिराच्या आधी आम्ही एक हिशेब मांडला. तो तुम्हीही वहीत मांडा, कारण घरी तोच सांगावा लागतो.

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी एक गोधडी धरा. इंचात ती ६० बाय ८४ होते. दोन ओळींमध्ये अर्धा इंच अंतर ठेवलं तर सगळ्या ओळी मिळून लांबी होते १०,०८० इंच, म्हणजे ८४० फूट, सुमारे २५६ मीटर. एका इंचात तीन टाके धरले तर एका गोधडीत तीस हजार टाके पडतात. सराव असलेली बाई मिनिटाला पंधरा टाके घालते. म्हणजे दोन हजार मिनिटं, ३३ तास.

घरी दुपारी भांडी आवरून सांज होईपर्यंत आपल्याला हक्काचा एक तास मिळतो, तोही रोज नाही. त्या हिशेबानं एका गोधडीला महिना जातो. चौघी चार बाजूंना बसल्या तर तीच गोधडी सव्वाआठ तासांत, एका दिवसात होते.

हा हिशेब मांडल्यावर दुसराही एक दिसला. आमच्यातल्या एका वहिनींनी गेल्या वर्षी दुसऱ्याची गोधडी ७०० रुपये शिवणावळ घेऊन शिवून दिली होती. ७०० ला ३३ नं भागलं की तासाला २१ रुपये पडतात. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं होतं बसल्या बसल्या पैसे मिळाले." त्या दिवसापासून आमच्या गटात ठरलं, की विकायची गोधडी असेल तर आधी तास मोजायचे, मग भाव सांगायचा. गिऱ्हाइकाला हे तीस हजार टाके सांगितले की तेही गप्प होतं.

जागा, पैसे आणि घरची परवानगी

ज्वारी खळ्यातून घरी आली होती, ऊसतोडीच्या बाया परतल्या होत्या आणि कुरडया-पापडांची घाई अजून सुरू व्हायची होती. अशी मधली तीन दिवसांची फट आम्ही धरली.

जागेवरून चर्चा झाली. एका देवळाचा सभामंडप फुकट मिळत होता. गार फरशी, पाण्याची सोय, सगळं चांगलं. पण सतरा बाया आणि तीन दिवस म्हटल्यावर कुणाची ना कुणाची पाळी येणारच. मग तिनं काय बाहेर बसायचं? एका आक्कांनी सरळ विचारलं आणि विषय संपला. गावाबाहेरचं एक मंगल कार्यालय, लग्नाची तिथी नसलेले तीन दिवस बघून, तीन हजारांत ठरवलं. संडास-न्हाणी चांगली आहे का, आतून कडी लागते का आणि रात्री दिवा राहतो का, हे आधी जाऊन बघितलं. तुम्हीही ते बघाच.

गटाच्या बचतीला हात लावायचा नाही असं पहिल्यापासून ठरलं होतं. ती रक्कम कर्जासाठी आहे. प्रत्येकीनं ३०० रुपये काढले, जमले ५,१००. कार्यालय ३,०००, सुया-दोरे ६००, आणि दूध, भाजी, गॅस मिळून १,५००. पीठ, डाळ, शेंगदाणे, तिखट ज्याच्या त्याच्या घरून. स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या, म्हणजे रोज चौघी चुलीपाशी आणि बाकीच्या सुईपाशी. घरी रोज दोन वेळा स्वयंपाक करणाऱ्या बाईला तीन दिवसांत एकदाच पाळी येते, हीच पहिली सुट्टी. दुसऱ्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे झाले. एक काकू ताट हातात घेऊन म्हणाल्या, "कुणी वाढलेलं गरम गरम खाल्लं त्याला बारा वर्षं झाली, बाळंतपणानंतर आजच."

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. दोघींना शेवटच्या दिवशी घरून नकार आला, त्या आल्याच नाहीत. त्यांच्या जागी वाट पाहणाऱ्या दोघी आल्या म्हणून आकडा सतरा राहिला. आणि पहिल्या रात्री नऊच्या सुमारास एकीचे मालक मोटारसायकल घेऊन दारात. म्हैस हात लावू देईना, दूध काढायचं राहिलंय. बाई उठली, पदर खोचला आणि मागे बसून गेली. आम्ही कुणी काही बोललो नाही, पण त्या रात्री गप्पा रंगल्या नाहीत. सकाळी आठला ती परत आली आणि येताना जावेलाही घेऊन आली. "जाऊबाईंनी धार काढली, म्हैस त्यांनाही ओळखते आता. आज रात्री भाऊजी काढतील. त्यांना शिकवून आले," असं तिनं सांगितलं. जाऊ दिवसभर सुईत दोरे ओवत बसली आणि संध्याकाळी जाताना पुढच्या वर्षीसाठी नाव लिहून गेली.

कापड निवडताना

आता कामाचं सांगतो. गोधडी चांगली होणं निम्मं कापडावर असतं.

सुती आणि पुष्कळदा धुतलेलं कापड सगळ्यात चांगलं. ते घाम शोषतं, सुई त्यातून सहज जाते आणि पदर एकमेकांना धरून राहतात. अडचण अशी, की आता आपल्या पेटीत सुती लुगडी राहिली नाहीत. बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. ते कापड सरकतं, उन्हाळ्यात अंग तापवतं आणि घाम शोषत नाही. विस्तवाजवळ धोक्याचंही असतं, कारण ते वितळून अंगाला चिकटतं. म्हणून लहान बाळाच्या दुपट्यात ते घालायचंच नाही. मोठ्या गोधडीत वरचा पदर शोभेला कृत्रिम चालेल, पण अंगाला लागणारा खालचा पदर आणि मधली भर सुतीच हवी. धोतर, जुन्या चादरी, परकर, सदऱ्याच्या पाठी हे सगळं भरीला चांगलं.

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते तसंच घातलं तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी चुरगळल्यासारखी होते. म्हणून आधी धुऊन, वाळवून मगच घ्यायचं. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं तीन-चारदा धुवायचं आणि तरी सुटला तर वापरायचं नाही. हे आम्ही अनुभवानं सांगतो. पहिल्याच दिवशी घाई केली, एका लाल काठावर पाण्याचा तांब्या लवंडला आणि पांढऱ्या धोतरावर गुलाबी डाग पसरला. ज्यांची गोधडी त्या म्हणाल्या, "असू द्या, कुणाची चूक हे नातवाला सांगता येईल." ती चूक आमचीच होती.

माप सोपं आहे. सहावारी साडीतून सात फुटांचे दोन तुकडे निघतात आणि सव्वा मीटर उरतं. दोन तुकडे शेजारी जोडले की पाच फूट रुंदी होऊन वर कडेला दुमडायलाही मिळतं, त्यानं काठ जाड होतो आणि लवकर फाटत नाही. उरलेलं भरीला जातं. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या गोधडीला चार-पाच पदर पुरे. थंडीच्या वाकळेला सात-आठ घालतात, पण मग सुईही तशी लांब आणि मजबूत लागते, आणि धुताना ओली वाकळ उचलायला दोन माणसं.

शिवताना

जमीन झाडून, सारवून किंवा फरशी पुसून खालचा पदर पसरायचा. चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर भर टाकायची. भरीचे तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत, कडेला कड लावायची, नाही तर झोपल्यावर पाठीला गाठ लागते. वर शोभेचा पदर. मग हातानं मधून बाहेर सुरकुत्या सारत जायचं.

यानंतरची पायरी पुष्कळ जणी टाळतात, ती म्हणजे कच्चा दोरा. मधून चारी बाजूंना, वीतभर अंतरानं लांब लांब टाके घालून सगळे पदर एकमेकांना धरून ठेवायचे. आपली रीत गोधडी काठाकडून आत शिवत येण्याची. पहिली ओळ चारी काठांनी फिरते, दुसरी तिच्या आत, तिसरी तिच्या आत, असं करत मध्यभागी पोचतो. ही रीत चौघींनी मिळून बसायला फार सोयीची, कारण प्रत्येकीला स्वतःची बाजू मिळते. पण कच्चा दोरा नसेल तर बाहेरून शिवत येताना कापड आत सरकत जातं आणि शेवटी मध्ये फुगा येतो. तो मग काही केल्या बसत नाही.

टाका साधा धावदोऱ्याचा. दोरा फार ओढायचा नाही, ओढला की ओळ आकसते. हातभर दोरा घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो आणि वेळ जातो. चौघींचे टाके सारखे नसतात. कुणाचा बारीक, कुणाचा टपोरा. पहिल्या दिवशी एकमेकींच्या बाजू बघून थोडं नाक मुरडणं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दर दोन तासांनी जागा बदलू लागलो. मग गोधडी एकसारखी दिसू लागली, आणि प्रत्येकीला प्रत्येकीशेजारी बसायला मिळालं.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या बाया राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्याही जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. त्याही काठाकडून आत शिवतात, आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. बिहारमधल्या सुजनीच्या भरतकामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडे अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकी-नाती तिथं झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, घरात थंडी शिरू नये म्हणून. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. हे आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर सगळ्यांना दाखवलं. फोटो बघून एक मामी म्हणाल्या, "ह्या तर आमच्या सासूबाईंच्या हातच्या वाटतात."

गाठोडी सुटली

खरं सांगायचं तर आनंद शिवण्यात होताच, पण त्याहून जास्त गाठोडी सोडण्यात होता. प्रत्येकीनं घरून कापडाचं गाठोडं आणलं होतं. ते सोडलं की एकेक गोष्ट बाहेर यायची. ही इरकली आईची. हा परकर पहिल्या हळदी-कुंकवाचा. ही साडी भावानं पहिल्या पगारात घेतली. ऊसतोडीहून आलेल्या एका ताईंनी कारखान्यावर सहा महिने वापरलेली वाकळच आणली होती. पाचटाच्या कोपीत, धुरात, थंडीत त्याच वाकळेत त्यांची दोन लेकरं निजली होती. फाटून तिच्या दशा झाल्या होत्या. ती उसवून, धुऊन, तिची भर करून नवी गोधडी घालायची होती. उसवताना आतून आणखी एक जुनी गोधडी निघाली, त्यांच्या सासूनं शिवलेली. ताईंना ते ठाऊकच नव्हतं.

एका आक्कांनी मालकांचं धोतर आणलं होतं. मालक जाऊन सात वर्षं झाली. धोतर पेटीत तळाशी होतं. त्यावरून वाद झाला. "गेलेल्या माणसाचं कापड पांघरुणात घालू नये," असं दोघी-तिघींचं म्हणणं. "आमच्याकडं घालतात, त्याशिवाय गोधडी पुरी होत नाही," असं दुसऱ्यांचं. बराच वेळ दोन्ही बाजू बोलल्या. आक्का काहीच बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी धोतर भरीत पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या आणि म्हणाल्या, "मलाच पांघरायचीय." मग ज्या नको म्हणत होत्या, त्यातल्याच एकीनं त्यांच्या बाजूची पहिली ओळ घातली.

कापडाचा दुसराही एक वाद होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 'दुसऱ्याच्या घरचं कापड आमच्या गोधडीत नको' असं एकीनं आधीच सांगितलं होतं. कोणाच्या घरचं चालेल आणि कोणाच्या नाही, हे न सांगताही सगळ्यांना कळलं होतं. आम्ही तिला काही समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या काठाला हातभर कापड कमी पडलं, तेव्हा नेमक्या त्याच घरच्या वहिनींनी आपल्या गाठोड्यातून हिरवी पट्टी काढून पुढं केली. तिनं क्षणभर बघितलं आणि घेतली. पट्टी लागली. ती आता तिच्या घरात आहे.

सुई दिसत नव्हती

या तीन दिवसांत एक गोष्ट अशी कळली, जी बैठकीत कधीच कळली नसती. पहिल्या दुपारी चार जणी मागे मागे राहत होत्या. "आम्ही स्वयंपाकच बघतो," "आमचा टाका चांगला नाही," अशी कारणं. नंतर ध्यानात आलं, की त्यांना सुईचं नेढंच दिसत नाही. एक मावशी तर गोधडी उत्तम शिवायच्या म्हणून गावात नाव होतं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी सुई ठेवून दिली. घरी सांगितलं, आता आवड राहिली नाही.

मैत्रिणींनो, चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसणं हा आजार नाही, वयाचा भाग आहे. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, म्हणून जवळ नजर ठरत नाही. त्याला साधा जवळचा चष्मा पुरतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं तोडण्याची मजल, न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मग निवडणं-टिपणं, शिवणं, तांदळातले खडे काढणं, गटाची वही वाचणं यात किती फरक पडेल, विचार करा. आम्ही शिबिरानंतर आठवड्यात चौघींना सरकारी दवाखान्यात नेऊन डोळे तपासले. तिघींना चष्मे लागले, एकीला मोतीबिंदू निघाला, तिची शस्त्रक्रिया ठरली आहे. मावशींनी चष्मा लावून पहिल्यांदा सुईत दोरा ओवला तेव्हा त्या हसल्या आणि लगेच रागावल्या, "पाच वर्षं फुकट घालवली की मी!"

तीन दिवसांत सात गोधड्या पुऱ्या झाल्या, आठवी अर्धी राहिली. सतरा जणी आणि सात गोधड्या, मग ज्यांची राहिली त्यांचं काय? भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकल्या. आता दर मंगळवारी दुपारी एकीच्या घरी सावड असते. ज्या घरी गोधडी, तिथं चहा. पावसाला सुरुवात होईपर्यंत बाकीच्याही होतील. घटस्थापनेच्या आधी गोधड्या धुवायला निघतील तेव्हा सतराही एका दिवशी वाळत घालायच्या, असं ठरलंय.

तुम्हाला करायचं असेल तर

बारा ते वीस जणी पुरे, त्याहून जास्त नको. चारचे गट पाडा, आणि सासू-सून, जावा-जावा वेगवेगळ्या गटांत बसवा, दोघींनाही मोकळं वाटतं. पैसे स्वतःचे काढा, गटाच्या खात्यातले नको. एखादीला जमत नसेल तर तिचा वाटा दोघींनी उचला आणि त्याची वाच्यता करू नका. जनावरं आणि लेकरं कोण बघणार, हे प्रत्येकीनं बैठकीत मोठ्यानं सांगायचं, म्हणजे ऐन वेळी मोटारसायकल येत नाही. तान्हं मूल असेल तर ते बरोबर आणू द्या. दिवसा उजेडातच शिवा, रात्री डोळ्यांना ताण देऊ नका. रात्र गप्पांना, ओव्यांना, उखाण्यांना आणि झोपेला ठेवा. दर तासाला उठून पाठ सरळ करा. सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या, कारण पांघरुणात राहिलेली सुई लेकराला टोचते. आम्ही सव्वीस दिल्या होत्या, पंचवीस परत आल्या. शेवटची एक शोधायला अर्धा तास सगळ्या जणी गुडघ्यांवर होतो. ती एका काकूंच्या अंबाड्यात सापडली.

तिसऱ्या रात्री तयार झालेल्या गोधड्या तिथंच पांघरून झोपलो. कुणाची कुणाच्या अंगावर होती, अंधारात कळलं नाही. सकाळी घड्या घालताना ऊसतोडीच्या ताई म्हणाल्या, "दसऱ्यानंतर परत जायचंय. ही गोधडी नेणार नाही. ही घरी ठेवणार. परत आल्यावर पांघरायला." तिची घडी घालून आम्ही पिशवीत भरून दिली.

पुढच्या चैत्रात आम्ही परत बसणार आहोत. तुमच्या गावात तुम्ही बसा, आणि किती टाके घातले ते आम्हाला कळवा. रामराम.